जुन्या सोळा-तेराला दुसरं इंजिन बसवायचंय, वायरिंगचं काय करायचं?

मोहोळ तालुक्यातल्या एका मालकांचा प्रश्न आहे. त्यांची टाटा १६१३ आहे, २००३ सालची, ६९७ इंजिनाची. हंगामात ऊस ओढते, बाकीचं वर्ष सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा घेऊन हैदराबादला जाते. मागच्या महिन्यात गाडी गरम होऊन इंजिन गेलं. हेड तर गेलंच, ब्लॉकलाही तडा गेला. आता त्यांच्यासमोर तीन इंजिनं आहेत. एक अपघातातल्या गाडीतलं ६९७च आहे, पण ती गाडी २४ व्होल्टची होती आणि इंजिनाबरोबर वायरिंग नाही. दुसरं कमिन्सचं ६बीटी, थोड्याफार वायरिंगसकट. तिसरं कॉमन रेल इंजिन (डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो ते), वायरिंगचा पूर्ण सेट आणि कॉम्प्युटर बॉक्ससह, आणि तिघांत तेच स्वस्त. गाडी मात्र १२ व्होल्टची, एका बॅटरीवर चालणारी. विचारणं असं : कुठलं घेऊ, आणि गाडीची जुनी वायरिंग ठेवू की इंजिनाबरोबरची घालू?

मालक, मी तीस वर्षं सोलापुरात ट्रकचं इंजिनकाम करतोय, आणि माझं उत्तर सरळ आहे. ६९७ घ्या. केबिनची जुनी वायरिंग आहे तशी राहू द्या. इंजिनावरची वायरिंग नवी ओढा, आणि दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच कपलरवर (ओढला की सुटतो अशा प्लगवर) भेटवा. मधली एकही वायर कापून पीळ मारून जोडू देऊ नका. असं का म्हणतो, ते आता सांगतो.

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर आरटीओत अर्ज देऊन, गाडी दाखवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. कमिन्स किंवा कॉमन रेल घातलं तर इंजिनाचा प्रकारच बदलतो. तिथून पुढे पासिंगला अडचण, विम्याला अडचण, आणि रस्त्यात काही विपरीत घडलं तर क्लेम अडकणार. एमएच-१३ ची गाडी हैदराबाद रोडला तीन राज्यांत फिरते, नाक्यावर कोणी इंजिन नंबर बघितला तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे. म्हणून इंजिनाचे पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमतीही लागेल. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. ब्लॉकवर कोरलेला नंबर ब्रशने घासून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर इंजिन कितीही चांगलं असो, तिथून निघा.

आता तिन्ही इंजिनांकडे बघू. ६९७ या नावातच त्याचं माप आहे : सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८, म्हणजे ५६७५ सीसी. टेल्को आणि डेम्लर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा होता, आणि हे इंजिन त्याच घराण्यातलं. लाइन पंपावर, म्हणजे डिझेलच्या यांत्रिक पंपावर चालतं. डिझेल, हवा आणि सेल्फ (स्टार्टर) एवढं दिलं की चालू होतं, कॉम्प्युटर लागत नाही. सोलापुरात याचं लायनर-पिस्टन मिळतं, याचा पंप बसवणारे आहेत, आणि तुमच्या ड्रायव्हरला याचा आवाज ओळखीचा आहे. फक्त दोन्ही इंजिनं टर्बोची आहेत की बिनटर्बोची, ते जुळवून बघा. नाहीतर सायलेन्सरचा पाइप आणि हवेचा रस्ता बदलण्यातच आठवडा जाईल.

६बीटी मला आवडतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोअर १०२, स्ट्रोक १२०, ५८८३ सीसी, ओढीला चांगलं. पण तुमच्या गाडीत त्यासाठी फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) ब्रॅकेट, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), रेडिएटरचे पाइप, सगळंच बदलावं लागेल, आणि कागदाचा प्रश्न सुटतच नाही. (ज्यांच्या आरसीवर ६बीटी आहे आणि जे जुनं ६बीटी घेताहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट : इंजिन खाली आहे तोवर पुढचं टायमिंग कव्हर उघडून डॉवेल पिन बघा. ती सैल होऊन बाहेर आली तर टायमिंग गिअरमध्ये पडते. एक छोटी पट्टी बोल्टखाली घालून ती पिन अडवून ठेवतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते टाळू नका.)

कॉमन रेलचं इंजिन स्वस्त मिळतंय, कारण ते एकटं चालत नाही. त्याला त्याचाच कॉम्प्युटर बॉक्स लागतो, सेन्सरवाला अ‍ॅक्सिलरेटर पेडल लागतो, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, क्लच-ब्रेकचे स्विच, पूर्ण वायरिंग लागते. चावीचं लॉकिंग असेल तर ती मूळ चावीही लागते. प्रत्येक इंजेक्टरचा कोड बॉक्समध्ये भरलेला असतो. सेटमधली एखादी वायर उंदराने खाल्लेली निघाली तरी गाडी महिनाभर उभी. २००३ च्या गाडीत हे घालू नका. त्या इंजिनाची जी मूळ गाडी आहे, तिलाच ते शोभतं.

तर ६९७ घेतलं असं धरू. ते गाडीतून उतरवलेलं आहे, म्हणजे चालू करून बघता येणार नाही. मग मी काय बघतो? पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे मारतो. दाब सहाही सिलिंडरला सारखा लागला पाहिजे, मध्ये कुठे अडलं नाही पाहिजे. मग ऑइल फिल्टर काढून कापतो आणि कागद उलगडून उन्हात धरतो. त्यात चमचम दिसली, आणि ती चमचम लोहचुंबकाला चिकटत नसली, तर बेअरिंगचं मटेरियल गेलंय. ऑइल चहाच्या रंगाचं आणि फेसाळ असेल तर पाणी मिसळलंय. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवतो. एवढ्यानंतरही चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलून मेन आणि बिग एंडची एकेक बेअरिंग बघितल्याशिवाय मी इंजिन गाडीत चढवत नाही. बाहेर असताना दोन तासांचं काम, चढवल्यावर दोन दिवसांचं.

बसवण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो, तुमच्या फिटरला तो येत असणार. दोन्ही इंजिनांचे चेंबर शेजारी ठेवून खोल भाग पुढे आहे की मागे ते बघा, नाहीतर तो पुढच्या अ‍ॅक्सलवर येईल. फ्लायव्हील तुमचंच वापरत असाल तर त्याच्या रिंगचे दात आणि सेल्फच्या पिनियनचे दात जुळवा. पायलट बेअरिंग नवीनच घाला. बेल हाउसिंग बसवल्यावर डायल लावून त्याचं सेंटर तपासा. दोन दशांश मिलिमीटरच्या पुढे फरक असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्लचप्लेट दोन्ही लवकर खाईल. फाउंडेशनची रबरं नवीन घाला. ब्रॅकेटला वेल्डिंग करावी लागली तर आधी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि अल्टरनेटरची वायर सोडून ठेवा.

आता मुख्य विषय, व्होल्ट आणि वायरिंग.

तुमची गाडी १२ ची, इंजिन २४ च्या गाडीतलं. इंजिनाला स्वतःला व्होल्ट कळत नाहीत. व्होल्ट कळतात त्याला लटकलेल्या वस्तूंना : सेल्फ, अल्टरनेटर, स्टॉप सोलेनॉइड असेल तर तो, आणि मीटरची बटणं, म्हणजे ऑइल प्रेशर आणि टेम्परेचरचे सेन्सर. तर इंजिनावरून हे सगळं उतरवा आणि तुमच्या जुन्या इंजिनावरचं १२ व्होल्टचं लावा. तुमचं जुनं इंजिन गरम होऊन गेलंय, सेल्फ-अल्टरनेटर नाही. दोन्ही वस्तू टेबलावर उघडून ब्रश, बुश, बेअरिंग नवीन घाला आणि वापरा. २४ चा सेल्फ १२ वर रडत फिरेल, इंजिन पकडणार नाही. उलट केलं, म्हणजे १२ चा सेल्फ २४ वर, तर जळेल.

काही वायरमन सुचवतील, दोन बॅटऱ्या टाकू, इंजिन २४ वर आणि केबिनला एकाच बॅटरीतून १२ काढू. हे करू नका. जोडीतल्या एका बॅटरीवरून दिवे आणि टेप चालवला की ती नेहमी अर्धी राहते, आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज देत असल्यामुळे दुसरीवर जास्त व्होल्ट चढून तिचं पाणी उकळतं. सहा-आठ महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या जातात आणि मालक बॅटरीच्या दुकानदाराला दोष देतो. २४ च्या गाडीत १२ ची वस्तू लावायचीच असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो.

१२ व्होल्ट ठेवण्याची एक किंमत आहे, तीही सांगतो. चार किलोवॅटचा सेल्फ २४ वर साधारण १६७ अँपिअर ओढतो, तोच जोर १२ वर घ्यायला ३३३ लागतात, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. म्हणून तुमच्या गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल जाड पाहिजे, मी ७० स्क्वेअर एमएमच्या खाली जात नाही. लगला (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीला) दाबून प्रेस केलेली पाहिजे, हातोडीने ठोकलेली नाही.

आणि तेवढीच जाड केबल अर्थची. इथे जरा थांबतो, कारण इंजिन बदलल्यानंतर येणाऱ्या निम्म्या तक्रारी मला इथेच सापडल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी एक गाडी माझ्याकडे ओढून आणली होती. दुसऱ्या गॅरेजात इंजिन बदललेलं, चावी फिरवली की सेल्फ अर्धा फेरा घेऊन थांबायचा. नवीन बॅटरी झाली, सेल्फ दोनदा खोलून झाला. मी पोऱ्याला चावी मारायला सांगितलं आणि केबिनमध्ये वाकून बघत होतो. डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. स्टॉपच्या केबलचं (इंजिन बंद करायला ओढतात ती) काळं प्लास्टिक वितळून थेंब थेंब मॅटवर पडत होतं. आतली तार हाताला लागली असती तर कातडं सोलून निघालं असतं. झालं होतं असं : बॅटरीची मायनस चेसिसला होती, आणि चेसिसवरून इंजिनाला जाणारी विणलेली पट्टी जुन्या इंजिनाबरोबरच भंगारात गेली होती. इंजिन रबरांवर बसलेलं, म्हणजे चेसिसपासून तुटलेलं. सेल्फच्या शेकडो अँपिअरला परत जायला वाटच नाही, मग तो करंट स्टॉपच्या केबलमधून, अ‍ॅक्सिलरेटरच्या रॉडमधून, मिळेल तिथून जात होता. तोच करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर खड्डे पाडतो. एक पट्टी, दोन बोल्ट. ती लावली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

म्हणून माझ्याकडे इंजिनाला दोन अर्थ असतात : एक बॅटरीच्या मायनसवरून थेट सेल्फच्या बोल्टला, दुसरी इंजिनावरून चेसिसला. केबिनलाही वेगळी पट्टी, कारण केबिनसुद्धा रबरावरच असते. जिथे लग बसतो तिथला रंग घासून चकचकीत पत्रा काढायचा, बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस लावायचं. मग तपासणी. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लिपवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. स्टॉप ओढून ठेवा आणि कोणाला तरी चावी मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ०.३ च्या आत पाहिजे. ०.५ च्या पुढे गेला तर कुठलातरी जोड खराब आहे. एकेक जोडावर टोक सरकवत गेलं की तो सापडतो. दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर पुरतो.

आता वायरिंग. तुमच्या गाडीला वीस वर्षं झाली. तीन वायरमननी तीन रंगांच्या वायरी घातलेल्या असणार, तेव्हा रंगावर विश्वास ठेवू नका. जुनं इंजिन अजून गाडीत असेल तर बरंच. एकेक वायर सोडण्याआधी तिला पांढरी पट्टी चिकटवा, वर लिहा ती कुठून निघाली, आणि मोबाइलवर फोटो काढा. इग्निशन स्विचच्या मागे बहुधा आकडे असतात : ३० म्हणजे बॅटरीची मेन, १५ म्हणजे चावी चालू झाल्यावर येणारा करंट, ५० म्हणजे सेल्फ. ३१ दिसला तर अर्थ. हे आकडे जुन्या जर्मन पद्धतीचे, आणि वायरच्या रंगापेक्षा शंभर पटीने खरे.

यांत्रिक पंपाच्या इंजिनाला केबिनमधून फार काही लागत नाही, आणि म्हणूनच मी म्हणतो की घाबरू नका. सेल्फच्या छोट्या टर्मिनलला ५० ची वायर. अल्टरनेटरची जाड वायर बॅटरीकडे, मध्ये फ्यूज. अल्टरनेटरची बारीक वायर मीटरमधल्या चार्जिंगच्या बल्बकडे. ऑइल प्रेशरची एक, टेम्परेचरची एक, स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याची एक. संपलं. जाड केबल सोडल्या तर पाच-सहा वायरी. त्या नवीन घ्या, पन्हाळी पाइपमध्ये घाला, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्या, हातभर अंतरावर क्लिप मारा, आणि फायरवॉलजवळ (केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याजवळ) एका झाकणाच्या कपलरमध्ये आणा. पुढे कधी इंजिन उतरवायचं झालं तर कपलर ओढला की काम झालं. पिन प्रेस करायच्या. वायरीला वायर पिळून वर टेप लावलेला जोड आपल्याकडच्या मे महिन्यात टिकत नाही. टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकतो, धूळ बसते, आणि पहिल्या पावसात तो जोड हिरवा पडतो.

चार्जिंगच्या बल्बबद्दल एक सांगायचं राहिलं. तो नुसता दिवा नाही, त्यातूनच अल्टरनेटरला जागं करणारा करंट जातो. बल्ब उडालेला असेल किंवा कोणी त्याजागी एलईडी टाकला असेल, तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग देत नाही. नवीन अल्टरनेटर विकत घेण्याआधी तो दोन-तीन वॅटचा साधा बल्ब बघा.

टेम्परेचरचं बटण मीटरच्या जोडीचं असतं. नवीन इंजिनावरचं बटण तुमच्या मीटरला जोडलं तर काटा खोटं बोलेल, आणि तुमचं पहिलं इंजिन गरम होऊनच गेलंय. जुनं बटण काढून नवीन इंजिनात लावा. लावण्याआधी तपासा : पातेल्यात पाणी उकळा, बटण वायरीसकट त्यात सोडा, त्याच्या अंगाला वेगळी अर्थ द्या, आणि चावी चालू करून काटा बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९८-९९ अंशांना उकळतं. म्हणजे काटा लाल पट्टीच्या जवळ जायला हवा. तो मध्यावरच रेंगाळला तर तो काटा तुम्हाला दुसऱ्यांदा फसवणार.

आणि पहिलं इंजिन का गरम झालं, ते शोधल्याशिवाय दुसरं चालू करू नका. मी असे मालक बघितलेत ज्यांनी एकाच चोंदलेल्या रेडिएटरमागे दोन इंजिनं घालवली. रेडिएटर उतरवून कोअर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ) करून घ्या, कॅप नवीन घ्या, वॉटर पंप नवीन घ्या. पंख्याभोवतीचं कव्हर आपल्याकडे काढून फेकतात, ते शोधून लावा. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढत नाही, आपल्याच भोवती फिरवतो. आणि उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय सोडा. थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची शॉर्टकट वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि चढावर गाडी जास्तच गरम होते.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. ऑइल भरा, टर्बो असेल तर त्याच्या वरच्या नळीत थोडं ऑइल ओता. डिझेलची हवा काढा. स्टॉप ओढून, दहा-दहा सेकंदांनी थांबत सेल्फ मारा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मगच स्टॉप सोडा. हवेच्या पाइपाजवळ एक माणूस लाकडी फळी घेऊन उभा ठेवा. इंजिन सुटलं, म्हणजे आपोआप वेग घेत गेलं, आणि स्टॉपने थांबलं नाही तर फळी तोंडावर दाबून हवा बंद करायची. तळहात लावायचा नाही, हात जाईल.

चालू झाल्यावर अर्धा तास उभं चालवून पाणी, ऑइल, डिझेल कुठे गळतंय बघा. बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. मग रिकामी गाडी तुळजापूर घाटावर नेऊन आणा, काटा बघत. दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोडवर तोच घाट. पाचशे किलोमीटरनंतर फाउंडेशनचे, बेल हाउसिंगचे आणि अर्थचे बोल्ट परत आवळा, ऑइल-फिल्टर बदला आणि हा फिल्टरही कापून बघा.

हंगाम सुरू व्हायला दोन महिने आहेत असं तुम्ही लिहिलंय. आरटीओचा अर्ज या आठवड्यात द्या, कारण गॅरेजच्या कामापेक्षा वेळ तिथेच जास्त जातो. इंजिन बघायला जाल तेव्हा आरसी, टॉर्च, लोहचुंबक आणि पुलीच्या बोल्टचा पाना बरोबर ठेवा.